कमला सोहोनी : प्रवेशाच्या अटी आणि प्रयोगशाळेतील काम

विज्ञानाच्या इतिहासात स्त्रियांची नावे शोधू लागले की बहुधा नाव मिळते, काम मिळत नाही. क्वचित नावही मिळत नाही. दहाव्या शतकातील इब्न-अल-नदीम यांच्या ‘अल-फिहरिस्त’ या सूचीत उस्तुरलाब (ग्रहताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र) बनविणाऱ्या एका स्त्रीची नोंद आहे. हलबचा अमीर सैफुद्दौला याच्याकडे ती काम करी. पण नोंद ‘अल-इजलिया’, म्हणजे अल-इजली यांची कन्या, एवढीच. ‘मरियम’ हे आज रूढ झालेले नाव त्या सूचीत नाही.

कमला सोहोनी यांच्या बाबतीत उलट घडले. नाव राहिले, किस्सा राहिला आणि काम मागे पडले.

सरदारपूरहून फार दूर नसलेल्या इंदूर येथे १९११ मध्ये कमला भागवत यांचा जन्म झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष परीक्षार्थ, कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्याला मान्यता नाही, आणि त्यांच्यामुळे इतर संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. तिसरी अट कोणाही पुरुष विद्यार्थ्याला घातली गेली नसती. वर्षभरानंतर रामन यांचे समाधान झाले व संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. हा अपमान मात्र कमलाबाई विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे सांगितला.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतीच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे त्यांनी दाखविले. हे प्रथिन पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविते. म्हणजे श्वसनाची ही यंत्रणा प्राण्यांपुरती नाही. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली ती अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर. (प्रबंधाच्या जाडीवरून विद्वत्ता मोजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.)

‘विज्ञानात पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री’ असे बिरुद त्यांना लावले जाते. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती. पहिलेपणाचा दावा असा पदवीच्या नावावर अडतो. बटाट्यातील सायटोक्रोमला तो प्रश्न पडत नाही.

मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ च्या विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा प्रवास झाला. मुंबईत संचालकपद मिळाले, तेही विलंबाने. येथील त्यांचे महत्त्वाचे काम नीरेवरचे. ताडाच्या ताज्या, न आंबलेल्या रसात जीवनसत्त्वे व लोह आहे आणि कुपोषित आदिवासी किशोरी व गर्भवतींना तो दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

धार-अलीराजपूर पट्ट्यात ताडी सर्वांच्या ओळखीची. तिचे नीरेशी असलेले नाते वर्गात क्वचितच निघते. पहाटे उतरविलेला रस आणि दुपारचा तोच रस यांची आम्लता पीएच कागदावर तपासली, तर आंबण्याची क्रिया विद्यार्थिनींना डोळ्यांनी दिसते. कमलाबाईंच्या कामाचा परिचय तेथून सुरू करता येतो. रामन यांचा किस्सा नंतर सांगितला तरी चालेल.