मोह एका लॅपटॉपचा

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा अमेरिकेहून आला होता. फराळ आटोपल्यावर त्याने टेबलावर आपला लॅपटॉप उलटा ठेवला, छोट्याशा स्क्रू-ड्रायव्हरने पाच स्क्रू सैल केले, यंत्र सुलटं केलं आणि कीबोर्डचा अख्खा पत्रा डब्याच्या झाकणासारखा उचलून बाजूला ठेवला! “मावशी, बघ. ही बॅटरी, ही मेमरी, हा पंखा. जे बिघडेल तेवढंच बदलायचं.”

मी बघतच राहिले. आमच्या घरात कुकरची रिंग सैल झाली की रिंग बदलतात, कुकर नव्हे. मिक्सरचं पातं बोथट झालं की पातं बदलतात. मग तीस-चाळीस हजारांचं यंत्र बॅटरी गेली म्हणून भंगारात का घालायचं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. इथे त्याचं उत्तरच समोर उघडून ठेवलेलं होतं. चिरंजीवांपेक्षा माझाच जीव त्यात अडकला!

हा लॅपटॉप ‘फ्रेमवर्क’ नावाच्या अमेरिकन कंपनीचा. निरव पटेल हे तिचे संस्थापक. पहिला लॅपटॉप २०२१ साली बाजारात आला, तेव्हा तयार यंत्राची किंमत ९९९ डॉलरपासून सुरू होत होती. सुटे भाग घेऊन घरी जोडायचा प्रकार त्याहून स्वस्त. स्क्रू-ड्रायव्हर खोक्यातच मिळतो. मिक्सरला जशी एकाच मोटारीवर चटणीची, दळणाची, रसाची वेगवेगळी भांडी बसतात, तशी याच्या कडेला हवी ती जोडणी बसवता येते. आज टीव्हीची, उद्या मेमरी कार्डाची. यंत्रं उघडून त्यांच्या दुरुस्तीला गुण देणाऱ्या ‘आयफिक्सइट’ या संस्थेने त्या वर्षी त्याला दहापैकी दहा गुण दिले. पुढे २०२२ आणि २०२३ साली नवे मुख्य बोर्ड निघाले, तेही जुन्याच सांगाड्यात बसले. म्हणजे दिलेला शब्द कंपनीने पाळला, असं म्हणायला हरकत नाही.

रात्री मी ‘ह्यां’ना म्हटलं, “माझी पोस्टातली आरडी सुटतेय. पुढच्या खेपेला भाच्याला असाच एक आणायला सांगू या का?”

हे हसले. “ती आरडी ओट्यासाठी होती ना? आणि आपल्या लॅपटॉपला काय झालंय?”

काय झालं होतं? २०१९ साली घेतलेलं आमचं यंत्र सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळून होई. चार्जर काढला की दहा मिनिटांत मान टाकी. बचत गटाचा हिशेब लिहिताना तर रडू यायचं. पण गंमत पाहा, दुरुस्त होणाऱ्या यंत्रावर मी भाळले, आणि घरातलं यंत्र दुरुस्त होतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं! मोह नेहमीच चैनीच्या पोशाखात येतो असं नाही. कधी कधी तो काटकसरीचं लुगडं नेसून दारात उभा राहतो. आपल्यासारख्या संसारी बायका त्यालाच आधी फसतात.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने समोरच खालचं झाकण काढलं. आत धूळ साचून पंखा पार गुदमरला होता. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली, मेमरी चारची बारा जीबी केली, बॅटरी बदलली. सारं मिळून खर्च नव्या यंत्राच्या पाव हिश्शाच्या आत बसला. आता दूध ओट्यावर ठेवून वळेपर्यंत लॅपटॉप तयार असतो.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी हा विषय निघाला असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला, तेव्हा पुष्कळांना “आता नवा घ्या” असा सल्ला मिळाला. त्याआधी एवढं करा. आपल्या यंत्रावर विंडोज ११ चालतं का, ते तपासून घ्या. चालत नसेल तर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली लिहिण्या-वाचण्याला, हिशेबाला पुरते. दुरुस्ती समोर बसून करून घ्या, जुना भाग परत मागा आणि आधी फोटो-कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र यंत्र लगेच बंद करा. ती घरी टोचू-दाबू नका.

नवा घ्यायचाच झाला तर दुकानदाराला रंग आणि वजन विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. मेमरी काढता येते की बोर्डावर सोल्डर केलेली आहे? बॅटरी स्क्रूची आहे की चिकटवलेली? सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का? परदेशातून आणवणार असाल तर वॉरंटी आपल्याकडे चालते का, हेही विचारा. एकेक भाग कुरियरने मागवून त्यावर कस्टमची ड्यूटी भरायची झाली, तर दुरुस्तीची सारी बचत त्यातच जाईल. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकाला एका जागी द्यावी, हा त्याचा हेतू.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातल्या पाव हिश्शाचीसुद्धा रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. आपला लॅपटॉप आणखी तीन-चार वर्षं चालला, तर तेवढी तरी भर त्यात पडायची नाही.

भाच्याच्या लॅपटॉपला मी नावं ठेवत नाही. आमचं यंत्र खरोखरच थकेल, तेव्हा पहिली चौकशी तसल्याच यंत्राची करीन. तोवर आरडीचे पैसे जिथे जायचे होते तिथेच गेले आहेत. नवा ओटा गेल्याच आठवड्यात बसला. लॅपटॉप त्याच्याच एका कोपऱ्यावर ठेवून हा लेख लिहिला, बरं का!