धार पात्याला, आयुष्य सांध्याला
हातघडीच्या चाकूवर पितळी कडे आणि रिबिटे चकाकतात ती शोभेसाठी, असा समज आहे. खरे तर चाकूचे आयुष्य तिथेच ठरते. गेलेली धार सहाणेवर परत येते. पण कडे तडकले किंवा रिबिटाखालचे लोखंड झिजले, तर मूठ ऐन कामात दगा देते.

गोदाकाठचे एकलहरे महाराष्ट्राला औष्णिक वीज केंद्रामुळे ठाऊक आहे. नाशिक तालुक्याच्या याच पट्ट्यात शेती आहे, गोठे आहेत आणि जिल्ह्याची ओळख बनलेल्या द्राक्षबागाही आहेत. बाग, गोठा आणि कोळशाचा धूर, या तिन्हींशी धातूचे वैर आहे.

आधी बाग. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून पुढे आणले. ते तयार झाले की त्यात स्वच्छ विळा किंवा चाकूचे पाते बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर मिश्रण आम्लधर्मी आहे आणि चुना वाढवायला हवा. हा तांबूस थर म्हणजे लोखंड विरघळून त्याच्या जागी बसलेले तांबे. तेच पाणी मुठीच्या फटीत शिरले, तर तिथेही हेच घडते, फक्त नजरेआड.

गोठ्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि हंगाम सरताना त्यांतली अनेक तडकलेली निघत. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडले: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढून-दाबून घडवताना त्यात अडकलेला ताण. मुठीवर ठोकून घट्ट बसवलेल्या कड्यातही असाच ताण असतो. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि तो वाढतो. असे कडे असलेला चाकू किंवा कोयता गोठ्यात खोचून ठेवणे म्हणजे तड्याला आमंत्रण.

तिसरा धूर. कोळशातले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. गंजाचे अभ्यासक व्हर्नन यांच्या प्रयोगांत दिसले की हवेत तो थोडा जरी असला, तरी सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांपलीकडे जाताच लोखंड झपाट्याने गंजते. भारतीय कोळशात गंधक कमी असले, तरी आपला पावसाळा ही पातळी सहज ओलांडतो. त्यात पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले, तर लोखंड आधी झिजते.

म्हणून राखणीची सुरुवात जोडणीआधी करावी. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नाशिकच्या तांब्या-पितळेच्या धंद्याची नोंद आहे. ठोकून कडक झालेले पितळ तापवून पुन्हा मऊ करणे हा तांबटांचा रोजचा पाठ. कड्यालाही तो लागू आहे. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसला तासभर तापवले, की आतला ताण बराच उतरतो. मग ते पूर्ण वाळलेल्या लाकडावर हलक्या ठोक्याने बसावे. पाचर मारून नव्हे. मुठीत जाणारे पात्याचे शेपूट लाखेत बसवण्याची जुनी रीत आजही शहाणपणाची आहे, कारण लाख पाणी अडवते.

कानशीचे ओरखडे एमरी कागदाने २२०, ४०० आणि ८०० नंबर अशा क्रमाने काढावेत. आधीचा ओरखडा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये. चिंच-मिठाने देव्हाऱ्यातली भांडी उजळतात, पण चाकूच्या सांध्याला चिंच-मीठ लावू नये. फटीत राहिलेले मीठ ओलावा धरते आणि गंज वाढवते. साबणाने तेलकटपणा काढावा, पाते कोरडे करावे, किंचित गरम करावे आणि मधमाशीच्या मेणाचा पातळ थर चोळावा. लाकडाला जवसाचे तेल चांगले, कारण ते हवेत सुकून थर धरते. खोबरेल तसे सुकत नाही. लॅकर जास्त टिकतो, पण एक ओरखडा पडला की त्याखाली डाग पसरतात. मेण मात्र घरी पुन्हा लावता येते.

हे सारे काम दिसत नाही, म्हणून त्याचे मोल कोणी मागत नाही आणि देतही नाही. आपण चाकू घेताना नखावर धार बघतो. त्याआधी कड्याच्या कडेवरून नख फिरवावे. फट लागली नाही, तर कारागीर सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्यावी.