खुपऱ्या: जंतू जातो, वण उरतो

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन.

आजचा प्रश्न साधा आहे. डोळे आले की आठ-दहा दिवसांत बहुतेक वेळा बरे होतात. मग बॅक्टेरियामुळे माणसाची नजर कायमची कशी जाते?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नाही. त्यामुळे मला आधी हे बघायचं असतं की नेमकं बिघडतं कुठे. त्यासाठी ट्रॅकोमाचं उदाहरण घेऊ. मराठीत याला जुना शब्द आहे: खुपऱ्या. घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा, कदाचित त्यांना आठवेल.

याचा जंतू म्हणजे क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. हा पेशीच्या बाहेर वाढूच शकत नाही. तो पापणीच्या आतल्या अस्तराच्या पेशीत शिरतो, तिथे स्वतःच्या प्रती काढतो आणि दोन-तीन दिवसांनी पेशी फोडून बाहेर पडतो. मग शेजारची पेशी. शरीर अर्थातच लढतं, सूज येते आणि वरच्या पापणीच्या आत बारीक दाणे उठतात. त्याच या खुपऱ्या.

एकदा झालं तर सहसा काही बिघडत नाही. पण लहानपणापासून हा संसर्ग पुन्हा पुन्हा होत राहिला, तर दर वेळच्या सुजेचा थोडा थोडा वण मागे राहतो. वण आकसतो आणि वर्षानुवर्षांनी पापणीची कड आत वळते. केसांची टोकं थेट बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला घासायला लागतात. ढोबळ हिशेब करा: मिनिटाला १५ वेळा पापणी लवते, माणूस १६ तास जागा असतो. म्हणजे दिवसाला १४,४०० वेळा घासणं! कॉर्नियावर ओरखडे, त्यात दुसरे जंतू, मग पांढरा डाग आणि अंधत्व. तोपर्यंत मूळ जंतू त्या डोळ्यातून कधीच निघून गेलेला असू शकतो.

गंमत म्हणजे या जंतूला बराच काळ लोक व्हायरस समजत होते. चीनचे तांग फेइफान यांनी कोंबडीच्या अंड्यात तो वाढवून दाखवला. त्यांच्या १९५७ च्या निबंधातही त्याला व्हायरसच म्हटलंय. पुढे त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यात घालून रोग होतो हे सिद्ध केलं. तो बॅक्टेरिया असल्याचं नंतर पक्कं झालं.

आता डोळ्याच्या पलीकडे जाऊ. याच जंतूचे वेगळे प्रकार लैंगिक संबंधांतून पसरतात. स्त्रियांमध्ये बऱ्याचदा काही लक्षणंच दिसत नाहीत, पण गर्भनलिकेत सूज येऊन वण राहतो आणि मूल होण्यात अडचण येऊ शकते. जागा वेगळी, नुकसानीची तऱ्हा तीच. बाळंतपणात आईकडून बाळाला संसर्ग झाला, तर एक-दोन आठवड्यांत त्याचे डोळे येऊ शकतात, आणि पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो. म्हणून तान्ह्या बाळाचे डोळे चिकटत असतील तर घरगुती उपाय नकोत, लगेच डॉक्टरांना दाखवा.

ट्रॅकोमा पसरतो हातांतून, एकाच टॉवेलमधून, आणि मुलांच्या डोळ्या-नाकावर बसणाऱ्या माश्यांमधून. या माश्या उघड्यावरच्या विष्ठेत वाढतात, म्हणजे संडास बांधणं हाही डोळ्यांचा उपचारच झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या रोगाने आंधळ्या होणाऱ्या स्त्रिया पुरुषांच्या चौपटीपर्यंत असतात. कारण सरळ आहे. मुलांचं नाक-डोळे कोण पुसतं?

म्हणून उपायही चार कलमी आहे: वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, अँटिबायोटिक, चेहऱ्याची स्वच्छता आणि पाणी-संडासाची सोय. अझिथ्रोमायसिनचा एकच डोस संसर्ग घालवू शकतो. पण वस्तीत पाणीच नसेल तर तो परत येतो. बग दुरुस्त केला, पण तो जिथून येतोय ती वाट उघडीच ठेवली, असा प्रकार.

भारतात १९६३ मध्ये राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून ट्रॅकोमाचं उच्चाटन केलंय. इथे शब्द नीट वाचा. याचा अर्थ जंतू नामशेष झाला असा होत नाही. १ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये खुपऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली हवं, असा त्यातला एक निकष आहे.

आणि ज्यांना लहानपणी संसर्ग झाला, त्यांच्या पापणीतला वण कुठल्याही घोषणेने जात नाही. तेव्हा घरातलं कुणी वयस्कर माणूस 'डोळ्यात सारखं काहीतरी खुपतंय' म्हणत असेल, किंवा चिमट्याने पापणीचे केस उपटत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. उपटलेला केस परत उगवतो. नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जा. पापणी वेळेत सरळ केली तर उरलेली नजर वाचू शकते. गेलेली परत आणणं फार अवघड असतं.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे पाठवा. भेटू पुढच्या भागात!