खुजे सदाहरित सूचिपर्णी वृक्ष : गृहोद्यानातील निवड व जोपासना

प्रस्तावना :
उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत पानगळीनंतर घरासमोरील बाग उजाड दिसते. तेथे वर्षभर हिरवाई टिकविण्यासाठी खुजे सूचिपर्णी वृक्ष लावले जातात. मात्र 'खुजा' या शब्दाच्या गैरसमजामुळे खिडकीखाली लावलेले रोप कालांतराने खिडकीच झाकून टाकते. प्रस्तुत लेखात 'ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस' या प्रकाराच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

खुजेपणाचा अर्थ :
खुजा म्हणजे वाढ थांबलेला नव्हे, तर मंद गतीने वाढणारा वृक्ष होय. अमेरिकन कॉनिफर सोसायटीच्या वर्गीकरणानुसार वर्षाला सुमारे २.५ ते १५ सें.मी. वाढणारे प्रकार खुजे मानले जातात. दहाव्या वर्षी त्यांची उंची साधारणतः ३० ते १८० सें.मी. भरते, वाढ त्यानंतरही चालूच राहते. असे प्रकार रोपांतील उत्परिवर्तनातून, किंवा मोठ्या वृक्षावरील 'विचेस ब्रूम' नावाच्या दाट झुपक्यापासून कलमांद्वारे मिळतात. अल्बर्टा स्प्रूस हा व्हाइट स्प्रूस या उंच वृक्षाचा खुजा प्रकार असून, तो १९०४ साली कॅनडातील लेक लगन येथे अर्नोल्ड आर्बोरेटमचे जे. जी. जॅक व आल्फ्रेड रेडर यांना आढळला.

जोपासना :
या वृक्षास भरपूर सूर्यप्रकाश व उत्तम निचऱ्याची जमीन लागते. हिवाळ्यात जमीन गोठल्यावर मुळांना पाणी मिळत नाही. पानांतून बाष्पोत्सर्जन मात्र सुरू राहते. परिणामी पाने करपतात. म्हणून जमीन गोठण्यापूर्वी भरपूर पाणी देऊन आच्छादन करावे. उष्ण, कोरड्या जागी कोळी किडीचा उपद्रव होतो. फांदी पांढऱ्या कागदावर झटकल्यास ही सूक्ष्म कीड दिसते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती बरीच कमी होते.

कधीकधी एखादी फांदी मूळ जातीप्रमाणे झपाट्याने वाढू लागते. ती तत्काळ बुडापासून छाटावी, अन्यथा ती संपूर्ण झाडावर मात करते. इतर छाटणी हिरव्या भागापुरतीच ठेवावी. कारण बहुतेक सूचिपर्णी वृक्षांच्या जुन्या, पर्णहीन लाकडावर नवे फुटवे येत नाहीत. साहजिकच, चुकीच्या जागी लावलेला वृक्ष पुढे छाटून लहान करता येत नाही.

निष्कर्ष :
रोपवाटिकेतील रोपाच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्या वार्षिक वाढीवरून जागेची निवड करणे हेच या लागवडीच्या यशाचे खरे सूत्र होय.