युरोपातील चिमुकली राज्ये : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सन 1948 च्या मार्चमध्ये औंध, सांगली, भोर ही दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि 1971 साली घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही बंद झाले, ही हकीकत आपल्या वाचकाच्या मनात इतकी ठसलेली आहे की मोनॅको, आंदोरा, लिश्टनस्टाइन ही नावे कानी पडताच तेथील अधिपती म्हणजे बलाढ्य शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर तगलेले, मानपानापुरते उरलेले जहागीरदार होत, असे तो सहजच धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या संस्थानिकांना परराष्ट्रव्यवहाराचा अखत्यार नव्हता. ही तिन्ही राज्ये मात्र 1990 ते 1993 या अवधीत संयुक्त राष्ट्रसंघाची स्वतंत्र सभासद झाली. मोनॅकोपुरता या समजुतीला एके काळी थोडा आधार होता, कारण गादीला वारस न राहिल्यास ते राज्य फ्रान्सच्या संरक्षणाखाली जावे असे 1918 च्या तहात ठरले होते. 2002 च्या नव्या तहाने तेही कलम गेले.

राजपद म्हटले की ते वंशपरंपरेनेच चालावयाचे, ही दुसरी समजूत आंदोराच्या बाबतीत टिकत नाही. पिरेनीज पर्वतातील या 468 चौरस किलोमीटरच्या मुलुखावर उर्जेलचा बिशप आणि फ्वाचा काउंट यांचा सामाईक अंमल 1278 च्या तहनाम्याने ठरला. पुढे काउंटांचा हक्क नावारच्या राजघराण्याकडे आला, नावारचा हेन्री 1589 साली फ्रान्सच्या गादीवर बसल्यामुळे तो फ्रेंच राजसत्तेस जोडला गेला, आणि ती राजसत्ता लयास गेल्यावरही अखेर फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाकडे चालत आला. म्हणजे आज आंदोराच्या दोन अधिपतींपैकी एक धर्मपीठाने नेमलेला, तर दुसरा परराष्ट्राच्या मतदारांनी निवडलेला असतो. प्रत्यक्ष कारभार मात्र 1993 च्या लिखित घटनेपासून तेथील लोकप्रतिनिधींच्या हाती आहे.

परंतु उरलेले राजे केवळ शोभेचे असतात, हा जो सर्वांत रुजलेला समज, त्याचे निरसन करण्यासाठी लिश्टनस्टाइनकडेच वळले पाहिजे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामधील अवघ्या 160 चौरस किलोमीटरचा हा प्रदेश लिश्टनस्टाइन घराण्याने 1699 व 1712 साली चक्क विकत घेतला, तोही राहण्यासाठी नव्हे, तर पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत आसन मिळावे म्हणून. 1719 साली त्यास साम्राज्यांतर्गत संस्थानाचा दर्जा मिळाला, तरी 1842 पर्यंत एकही सत्ताधारी अधिपती तेथे फिरकला नाही, आणि 1938 पर्यंत कोणी तेथे कायमचा वास्तव्यास आला नाही. असे असूनही आज युरोपात इतका अधिकार हाती असलेला राजा विरळा. संसदेने संमत केलेला कायदा अधिपतीच्या मंजुरीवाचून अमलात येत नाही, आणि सहा महिन्यांत मंजुरी न आल्यास ती नाकारली असे मानले जाते. सार्वमताने संमत झालेल्या कायद्यासही हाच नियम लागू आहे.

हा अधिकार रयतेवर लादलेला आहे, असेही मात्र म्हणता येत नाही. अधिपती हान्स-आडाम यांनी सुचविलेली घटनादुरुस्ती 2003 साली सुमारे 64 टक्के मतांनी मंजूर झाली. अर्थात ती फेटाळली गेल्यास आपण देश सोडून ऑस्ट्रियात जाऊ, असा इशारा त्यांनी आधीच दिला होता, हे विसरता कामा नये. त्याच दुरुस्तीने 1500 नागरिकांना राजपद रद्द करण्याचा प्रस्ताव मांडण्याचा, आणि अकरांपैकी प्रत्येक ग्रामसंस्थेला राज्यातून फुटून निघण्याचा हक्क दिला. पुढे 2011 साली गर्भपातविषयक सार्वमताच्या आधीच अधिपतीच्या वतीने कारभार पाहणारे राजपुत्र आलोइस यांनी मंजुरी नाकारण्याचे जाहीर केले, त्यातून नकाराधिकार आवळण्याची चळवळ उभी राहिली, आणि 2012 साली सुमारे 76 टक्के मतदारांनी तिची मागणी फेटाळली.

लोकांच्या या निवडीचा मान राखूनही माझे मत असे की, गादी उलथविण्याचा हक्क मतदारास देऊन एखादा साधा कायदा करण्यासाठी त्यास अधिपतीच्या सहीवर अवलंबून ठेवणारी व्यवस्था पूर्ण लोकशाही नव्हे; स्त्रियांना तेथे मताधिकार 1984 साली मिळाला, हेही तिचा विचार करताना ध्यानात घेतले पाहिजे.