देखभालीचा अनुशेष (समुद्रातील तेल उद्योग)

देखभालीचा अनुशेष म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण न झालेली देखभाल व दुरुस्तीची कामे होत. समुद्रातील खनिज तेल व वायू उत्पादनात तो सुरक्षिततेचा एक निर्देशक मानला जातो.

सुरक्षिततेशी संबंध

वायुशोधक, अग्निशमन पंप व आपत्कालीन झडपा एरवी निष्क्रिय असतात. त्यांतील बिघाड चाचणीशिवाय सहसा उघड होत नाही. चाचणी लांबली की तो तितका काळ दडून राहतो. म्हणून थकलेल्या कामांच्या एकूण संख्येपेक्षा त्यांतील सुरक्षेसाठी अत्यावश्यक कामांचे प्रमाण अधिक महत्त्वाचे ठरते. प्लॅटफॉर्मवरील अपुरी निवासव्यवस्था, खराब हवामान व सुट्या भागांची प्रतीक्षा यांमुळे अनुशेष वाढतो.

अपूर्ण कामाची नोंद न पोहोचणेही घातक असते. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ रोजी, सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेला पंप सुरू केल्याने वायुगळती व स्फोट झाला, असा निष्कर्ष कलन चौकशी समितीने काढला. या दुर्घटनेत १६७ जण मृत्युमुखी पडले.

नियमन

नॉर्वेतील नियामक संस्था कंपन्यांकडून अनुशेषाची आकडेवारी मागवून ती आपल्या वार्षिक जोखीम अहवालात प्रसिद्ध करते.