लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची वजनातील पठारावस्था : एक शरीरक्रियात्मक विवेचन

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर पहिल्या पंधरवड्यात वजन झपाट्याने उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अनेकदा एकाएकी थांबतो. घरची मंडळी 'ऑपरेशन वाया गेले' म्हणू लागतात. खजील झालेला रुग्ण ताटातील अर्धी वाटी वरणही कमी करतो. हा उपाय अपायकारक का ठरतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. अध्ययनवक्राच्या संदर्भात मानसशास्त्रात रूढ असलेली 'पठारावस्था' ही संज्ञा येथे योजिली आहे.

पहिला थांबा बहुतांशी पाण्याचा असतो. यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. उपासमारीत हा साठा संपतो, पाणी निघून जाते. आहार किंचित वाढताच त्यातील काही परतते. चरबी घटत असूनही काटा स्थिर दिसतो. येथे धीर धरणे पुरेसे असते.

काही महिन्यांनंतरचे पठार मात्र अधिक खोल कारणांचे आहे. लहान झालेल्या देहाला ऊर्जा कमी लागते, हे उघड आहे. परंतु शरीर त्याहूनही अधिक काटकसर करते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. चयापचयाचा मूळ वेग मात्र सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा जो भाग काढला जातो, तेथेच भूक चेतविणारे ग्रेलिन मोठ्या प्रमाणात तयार होते. त्यामुळे भूक शमते, काटकसर मात्र पूर्णतः टळत नाही. अशा वेळी रुग्णाच्या मनोनिग्रहाला दोष देणे अशास्त्रीय आहे, इतकेच नव्हे तर क्रूरही.

आहार आणखी घटविल्यास स्नायू झिजतात आणि त्यांच्यासोबत ऊर्जाव्ययही घटतो. दररोज साधारणतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सुचविली जातात. वाटीभर वरणातून जेमतेम ५-७ ग्रॅम मिळत असता, शाकाहारी कुटुंबात पनीर, दही, सोयाबीन वा प्रथिनांची भुकटी यांवाचून हे गणित जुळत नाही. घासाचा आरंभ भाताने न करता प्रथिनांनी करावा. शल्यविशारदाच्या अनुमतीने वजने उचलण्याचा व्यायाम जोडावा. काट्यावर रोज उभे राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा वजन व कमरेचे माप टिपणे हितावह.

तथापि गोड लस्सी, फळांचे रस, आईस्क्रीम आकुंचित जठरातूनही सहज उतरतात, याची प्रामाणिक नोंद ठेवावी. वारंवार उलटी होणे वा पायांना बधिरता येणे ही पठाराची लक्षणे नव्हेत. त्यासाठी रुग्णालय तातडीने गाठावे.

अखेरचे पठार येतेच. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासाच्या २००७ मधील अहवालानुसार, गॅस्ट्रिक बायपासनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के वजन घटले होते; दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. शस्त्रक्रियेपूर्वीच हे आकडे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही सांगितले जावेत.